सर्व्हर उठतो पण उत्तर देत नाही: साध्या आरपीसी प्रोग्राममधली चूक कशी गाठायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलसाठी तुम्ही आरपीसीजेन वापरून एक सर्व्हर लिहिला. (आरपीसी म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधलं फंक्शन नेटवर्कवरून बोलावण्याची पद्धत, आणि आरपीसीजेन त्यासाठी लागणारा सांगाड्याचा कोड तयार करून देतो.) क्लायंटनं आकडा पाठवायचा आणि सर्व्हरनं त्याचा फॅक्टोरियल काढून द्यायचा. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या लिनक्सवर तो चालला. घरच्या लॅपटॉपवर नवं उबुंटू आहे. तिथं आधी हेडर सापडेना, मग इकडचे तिकडचे फ्लॅग लावून कसंबसं कंपाइल झालं. आता सर्व्हर चालू होतो पण काहीच छापत नाही, आणि क्लायंट बराच वेळ थांबून ‘कॉल फेल्ड: आरपीसी: टाइम्ड आउट’ म्हणतो. दोन्ही एकाच मशीनवर आहेत. तुम्ही फायरवॉल बंद करून पाहिली, रीबूट केलं, आता उबुंटू नव्यानं टाकायच्या विचारात आहात. शिवाय जाता जाता विचारलंय की लॅबमध्ये १३ चं उत्तर १९३२०५३५०४ का येत होतं.

उबुंटू नव्यानं टाकू नका. त्यानं दोष जाणार नाही, रविवार मात्र जाईल. माझा अंदाज आहे की तुमच्या सर्व्हरमधलं फंक्शन स्वतःच्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत करतंय. पण अंदाजावर थांबू नका, तिथपर्यंत कसं पोचायचं ते सांगते, कारण पुढच्या वेळी दोष दुसरा असेल आणि मेसेज हाच असेल.

आरपीसीचा कॉल वरून साध्या फंक्शन कॉलसारखा दिसतो, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. प्रत्यक्षात तिघांचं संभाषण चालतं: तुमचा क्लायंट, तुमचा सर्व्हर आणि मध्ये आरपीसीबाइंड. आरपीसीबाइंड म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी. सर्व्हर उठला की त्याला कुठला तरी रिकामा पोर्ट मिळतो, आणि तो खिडकीवर नोंद करतो: प्रोग्राम नंबर अमुक, व्हर्जन तमुक, पोर्ट हा. क्लायंटला पोर्ट माहीत नसतो, फक्त प्रोग्राम नंबर माहीत असतो. तो १११ नंबरच्या पोर्टवरच्या खिडकीला विचारतो, गाडी कुठल्या फलाटावर लागलीये? उत्तर मिळालं की थेट त्या फलाटावर जातो. खिडकी बंद असेल, खिडकीवरची माहिती जुनी असेल, फलाटाकडे जायचा रस्ता अडवलेला असेल किंवा गाडीत ड्रायव्हरच नसेल, तर प्रवाशाची तक्रार एकच असते: गाडी मिळाली नाही. म्हणून कोडला हात लावण्याआधी या तिघांपैकी गप्प कोण आहे ते ठरवायचं.

पहिली खूण मेसेजमध्येच आहे. आरपीसीजेननं तयार केलेल्या नमुना क्लायंटमध्ये चुका दोन ठिकाणी छापल्या जातात. हँडल (ज्याच्या आधारे क्लायंट पुढचे कॉल करतो ते) तयार करताना चूक झाली तर मेसेजच्या आधी होस्टचं नाव येतं, उदाहरणार्थ ‘लोकलहोस्ट: आरपीसी: प्रोग्राम नॉट रजिस्टर्ड’. हँडल तयार झालं आणि प्रत्यक्ष कॉल फसला तर मेसेजच्या आधी ‘कॉल फेल्ड’ येतं. तुमच्याकडे दुसरा प्रकार आहे. म्हणजे खिडकी उघडी आहे, तिला तुमचा प्रोग्राम माहीत आहे आणि तिनं पोर्टही सांगितला. फायरवॉलवर घालवलेला वेळ एवढं पाहिलं असतं तरी वाचला असता. लोकलहोस्टवरच्या वाहतुकीला उबुंटूची नेहमीची फायरवॉल तशीही अडवत नाही.

यात एक बारकावा आहे. यूडीपीवर, म्हणजे कनेक्शन न जोडता सुटी पाकिटं पाठवणाऱ्या प्रोटोकॉलवर, हँडल बनवताना क्लायंट सर्व्हरशी बोलतच नाही, फक्त खिडकीला विचारतो. टीसीपीवर मात्र हँडल बनतानाच सर्व्हरशी कनेक्शन जोडावं लागतं. त्यामुळे सर्व्हर मेलेला आणि नोंद मात्र शिल्लक, अशी स्थिती असेल तर टीसीपी लगेच ओरडतो आणि यूडीपी पुढं जाऊन कॉलच्या वेळी अडकतो. कंट्रोल-सी दाबून सर्व्हर मारला की त्याची नोंद खिडकीवर तशीच राहते, हे लॅबमध्ये कोणी सांगत नाही. व्हर्जनचंही असंच आहे. खिडकीवर व्हर्जन १ ची नोंद असताना तुम्ही २ मागितलं तरी हँडल बिनबोभाट मिळतं, आणि ‘प्रोग्राम/व्हर्जन मिसमॅच’ पहिल्या कॉलला कळतं.

आता हत्यार एकच, आरपीसीइन्फो ही कमांड. आधी ते -पी लावून चालवा. तक्ता येईल: प्रोग्राम, व्हर्जन, प्रोटोकॉल, पोर्ट. सगळ्यात वर १००००० दिसेल, तो खुद्द आरपीसीबाइंड. तुमचा नंबर तिथं दशमान पद्धतीत दिसेल. एक्स फाइलमध्ये (जिच्यात प्रोग्रामची व्याख्या लिहून ती आरपीसीजेनला देता) तुम्ही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, २००००००१ लिहिलं असेल तर तक्त्यात ५३६८७०९१३ शोधा. ‘माझा नंबरच दिसत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या मुलांचा नंबर समोर असतो, पण ती हेक्स शोधत असतात.

नंतर -यू लावून लोकलहोस्ट, प्रोग्राम नंबर आणि व्हर्जन द्या. टीसीपीसाठी -टी. ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे आणि सगळ्यात कमी वापरली जाते. प्रत्येक आरपीसी प्रोग्राममध्ये शून्य नंबरची प्रोसिजर असते, जी काही घेत नाही, काही देत नाही, फक्त हजेरी लावते. ती तुम्ही लिहिलेली नसते, आरपीसीजेननं तयार केलेल्या सर्व्हरच्या सांगाड्यात ती आपोआप असते. आरपीसीइन्फो तिलाच हाक मारतो. उत्तरात ‘रेडी अँड वेटिंग’ आलं तर नेटवर्क, खिडकी, नोंद, पोर्ट, सर्व्हरचा मुख्य लूप असं सगळं धडधाकट आहे. मग दोष एकाच जागी उरतो: तुम्ही स्वतः लिहिलेल्या त्या दहा ओळी.

तुमच्या बाबतीत हेच होईल असं मला वाटतं. हजेरी लागेल, पण फॅक्टोरियलला २५ सेकंद शांतता. (२५ हा आकडा क्लायंटच्या स्टबमध्ये, म्हणजे कॉल पाठवणाऱ्या तयार फाइलमध्ये, वरच लिहिलेला असतो, उघडून बघा.)

आता आरपीसीजेननं बनवलेली सर्व्हरच्या सांगाड्याची फाइल उघडा, जिच्या नावाच्या शेवटी एसव्हीसी असतं ती. तुमच्या फंक्शनला हाक मारल्यानंतर तिथं एक अट दिसेल: निकाल नल (कुठलाच पत्ता नसलेला रिकामा पॉइंटर) नसेल तरच उत्तर पाठव. नल असेल तर? काहीच नाही. चूक नाही, मेसेज नाही, रिकामं पाकीटसुद्धा नाही. सर्व्हर पुढच्या कॉलची वाट बघायला मोकळा, आणि क्लायंट घड्याळ बघत बसतो. म्हणजे तुमच्या फंक्शननं नल परत केला की क्लायंटला दिसतं ‘टाइम्ड आउट’. याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका सर्व्हरमध्ये चुकीचा इनपुट आला की इमानदारीनं नल परत करायचे. सी शिकताना तसंच शिकवलेलं. ग्राहकाकडून तक्रार आली की नेटवर्क मधूनमधून बंद पडतं. दोन दिवस आम्ही स्विच आणि केबली बदलत होतो. नेटवर्क ठणठणीत होतं, फक्त काही खाते क्रमांकांच्या शेवटी स्पेस होती.

पण तुमच्या कोडमध्ये नल कुठून आला? तुम्ही तर निकालाचा पत्ता परत केलाय. इथं जुनं लिनक्स आणि नवं उबुंटू यांतला फरक येतो. आरपीसीच्या सर्व्हर फंक्शनला निकाल नव्हे, निकालाचा पत्ता परत करावा लागतो. तो व्हेरिएबल फंक्शनच्या आत साधा जाहीर केला असेल तर फंक्शन संपताच स्टॅकवरची (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतली) ती जागा त्याची राहत नाही. जुना कंपायलर तरीही तो पत्ता निमूटपणे द्यायचा, आणि सांगाडा उत्तर पाठवेपर्यंत तिथला आकडा नशिबानं शाबूत राहायचा. प्रोग्राम ‘चालायचा’. आजचा जीसीसी कंपायलर असा पत्ता परत करणं हा दोषच धरतो, इशारा देतो आणि बऱ्याचदा त्या जागी सरळ नल परत करतो. नल आला की उत्तर नाही, उत्तर नाही की टाइम्ड आउट. लॅबमध्ये चालत होता तोही चुकीचाच होता, इतकंच.

उपाय एका शब्दाचा आहे: निकालाच्या व्हेरिएबलच्या आधी ‘स्टॅटिक’ लिहा. आरपीसीजेनला -ए देऊन नमुना सर्व्हर करून घेतला तर त्यात तो शब्द आधीच असतो. मुलं तो ‘उगाच आहे’ म्हणून काढतात किंवा खाली स्वतःचा वेगळा व्हेरिएबल करून त्याचा पत्ता देतात. स्टॅटिकचा एक परिणाम लक्षात ठेवा. आधीच्या कॉलचा आकडा त्यात तसाच राहतो. फॅक्टोरियलचा गुणाकार थेट त्याच व्हेरिएबलमध्ये करत असाल तर दर कॉलला सुरुवातीला त्याला १ द्या. जाहीर करतानाच १ दिलं तर ते एकदाच होतं, आणि दुसऱ्या कॉलपासून उत्तरं फुगत जातात. ५ ला पहिल्यांदा १२०, दुसऱ्यांदा १४४००. हा नमुना दिसला तर कारण हेच.

आणि कंपाइल करताना -वॉल हा इशारे दाखवणारा फ्लॅग लावा. तो इशारा तुमच्या पडद्यावर येऊन गेलाच असणार, पण तयार फाइलींमधल्या न वापरलेल्या व्हेरिएबलच्या इशाऱ्यांच्या गर्दीत तो हरवला.

सर्व्हर ‘काहीच छापत नाही’ याचा अर्थ फंक्शनपर्यंत कॉल पोचलाच नाही, असा लगेच घेऊ नका. प्रिंटएफचा मजकूर बफरमध्ये अडकतो. ओळीच्या शेवटी नवी ओळ नसेल तर टर्मिनलवरही दिसत नाही, आणि आउटपुट फाइलीत वळवलं असेल तर बफर भरेपर्यंत काहीच नाही. तपासाचा मजकूर एसटीडीएररवर, म्हणजे बफरमध्ये न अडकणाऱ्या चुकांच्या आउटपुटवर, छापा. फंक्शनच्या पहिल्या ओळीला एक आणि रिटर्नच्या आधी एक. पहिला आला, दुसरा आला आणि तरी टाइम्ड आउट, म्हणजे नलवर शिक्कामोर्तब.

आता हेडरचं. ते कसं निभावलं हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून नीट सांगते. सन कंपनीची ही आरपीसी वर्षानुवर्षं ग्लिबसीतच (लिनक्सवरच्या सीच्या मूळ लायब्ररीतच) यायची, त्यामुळे वेगळं काही जोडावं लागत नसे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ग्लिबसी २.३२ पासून ती तिथून काढली. आता तिची जागा टीआयआरपीसी या वेगळ्या लायब्ररीनं घेतलीये. हेडर इन्क्लूडच्या फोल्डरात टीआयआरपीसी नावाच्या पोटफोल्डरात असतात, म्हणून कंपाइल करताना तो रस्ता मोठ्या आयच्या फ्लॅगनं द्यायचा आणि लिंक करताना शेवटी -एलटीआयआरपीसी जोडायचं. ‘शेवटी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, लायब्ररी ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लिहिली तर लिंकर नाव सापडत नाही म्हणून रडतो. आरपीसीजेननं दिलेल्या मेकफाइलमध्ये अजून जुन्या काळची एनएसएल लायब्ररी लिहिलेली असते, तिथंच बदल करा म्हणजे दरवेळी हातानं टंकायला नको. कुणी म्हणेल जुन्या मशीनवरून हेडर कॉपी करून आणा. तसं करू नका. अर्धं जुनं, अर्धं नवं असं मिश्रण कंपाइल होतं आणि मग अशा जागी पडतं की डीबगरही हात टेकतो.

लिंक करताना तुमच्या फंक्शनचंच नाव सापडत नसेल तर स्पेलिंग तपासा. सर्व्हरच्या बाजूला नावाच्या शेवटी अंडरस्कोर, व्हर्जन नंबर, पुन्हा अंडरस्कोर आणि एसव्हीसी लागतं, तेही लहान लिपीत. क्लायंटच्या बाजूला एसव्हीसी नाही. जुन्या नोट्समध्ये दोन्हीकडे एकच नाव दिसेल, त्या नोट्स फार जुन्या आहेत.

लॅबमध्ये परत गेलात तर आणखी दोन गोष्टी भेटतील. साध्या युजरनं सर्व्हर चालवल्यावर ‘कॅनॉट रजिस्टर सर्व्हिस’ आणि पुढं ‘क्लायंट क्रेडेन्शियल टू वीक’ असं आलं, तर पासवर्ड शोधत बसू नका. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला सर्व्हर नोंद करायला नेटवर्कच्या वाटेनं जातो, आणि तिथून आलेला माणूस खरंच कोण हे आरपीसीबाइंडला कळत नाही. १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आला, म्हणजे रूट असला, तरच तो विश्वास ठेवतो. सुडोनं चालवा. आरपीसीबाइंडला -आय देऊन ढिलं करण्याचा सल्लाही मिळेल. स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक, सगळ्यांच्या मशीनवर नको. त्याच ठिकाणी ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर खिडकीच बंद आहे, आरपीसीबाइंड टाकून सुरू करा.

दुसरी गोष्ट गमतीची आहे. चाळीस मुलं एकाच सर्व्हरवर एकाच ‘स्टुडंट’ लॉगिननं शिरतात आणि जर्नलमधला प्रोग्राम नंबर सगळ्यांनी जसाच्या तसा उतरवलेला असतो. तयार सांगाडा सुरू होताना त्या नंबरची आधीची नोंद पुसतो आणि आपली करतो. त्यामुळे जो शेवटी सर्व्हर चालू करेल त्याच्याकडे सगळ्यांचे कॉल जातात. एका बॅचला मी असं पाहिलंय की एका मुलीचा क्लायंट बेरीज मागत होता आणि उत्तर गुणाकाराचं येत होतं. गुणाकार शेजारच्या पीसीवरच्या मुलाचा. स्वतः निवडायचे नंबर हेक्समध्ये २००००००० पासून ३एफएफएफएफएफएफएफ पर्यंत आहेत, त्यात रोल नंबर मिसळा आणि मोकळे व्हा.

लॅपटॉपवर चाललं की पुढची पायरी मित्राच्या लॅपटॉपवरून कॉल करण्याची. तिथं खरी फायरवॉल आड येते, आणि फक्त १११ उघडून भागत नाही, कारण सर्व्हरचा पोर्ट दरवेळी वेगळा असतो. त्या मशीनवरून -पीचा तक्ता दिसतो पण हजेरीची चाचणी लटकते, अशी लक्षणं असली तर हेच. ठरावीक पोर्ट हवा असेल तर सांगाड्यात जिथं ‘कुठलाही सॉकेट’ दिलाय तिथं आधीच बाइंड केलेला आपला सॉकेट द्या आणि तेवढाच पोर्ट उघडा. कॉलेजच्या वायफायवर बऱ्याचदा दोन लॅपटॉप एकमेकांना दिसतच नाहीत. आधी पिंग करून बघा, नसेल होत तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन्ही आणा. १११ इंटरनेटच्या बाजूला मात्र कधीही उघडा ठेवू नका. यूडीपीवरच्या छोट्या विचारणेला मोठं उत्तर मिळत असल्यानं हल्लेखोर दुसऱ्यांवर मारा करायला असे आरपीसीबाइंड वापरतात.

यूडीपीची आणखी एक खोड सांगायलाच हवी. उत्तर वेळेत आलं नाही तर क्लायंटची लायब्ररी तुम्हाला न विचारता तोच कॉल पुन्हा पाठवते. जुन्या ग्लिबसीत हे दर ५ सेकंदांनी व्हायचं. फॅक्टोरियल चार वेळा काढला तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण आमच्याकडे पावती क्रमांक देणारा एक सर्व्हर होता. महिनाअखेरीला डिस्क संथ झाली की एका कॉलला १२ सेकंद लागायचे. तेवढ्यात क्लायंट पाचव्या आणि दहाव्या सेकंदाला तोच कॉल पुन्हा पाठवायचा, सर्व्हर तिन्ही इमानानं पुरे करायचा, आणि पावत्यांच्या क्रमांकात दोन-दोनची भगदाडं पडायची. हिशेबनीस आमच्यावर संशय घेत होते, आम्ही त्यांच्यावर. ज्या कॉलनं काही बदलतं तो टीसीपीवर ठेवा. तिथं लायब्ररी आपणहून पुन्हा पाठवत नाही. कनेक्शन मध्येच तुटलं तर कॉल झाला की नाही हा प्रश्न मात्र टीसीपीतही उरतोच.

राहिला १३. १२ चा फॅक्टोरियल ४७९००१६००, तो ३२ बिटांत बसतो. १३ चा ६२२७०२०८००, तो बसत नाही. त्यातून दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४२९४९६७२९६ वजा केला की उरतात १९३२०५३५०४, तुमचं उत्तर. इथं सगळे इंटच्या जागी लाँग लिहितात आणि फसतात. ६४ बिटी लिनक्सवर सीमधला लाँग ६४ बिटांचा असला तरी आरपीसीच्या पाकिटात लाँग ३२ बिटांचाच जातो. त्यामुळे सर्व्हरवर छापलेला आकडा बरोबर दिसतो आणि क्लायंटवरचा चुकतो. एक्स फाइलमध्ये ‘हायपर’ लिहा, तो दोन्ही बाजूंना ६४ बिट असतो. बदल केल्यावर आरपीसीजेन पुन्हा चालवून क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही नव्यानं बांधा, आणि व्हर्जन १ चं २ करा. व्हर्जन न बदलता एकच बाजू बांधली तर डीकोड न झाल्याच्या तक्रारी येतील, किंवा त्याहून वाईट, तक्रार न येता चुकीचे आकडे येतील.

हायपर २० पर्यंत पुरतो: २४३२९०२००८१७६६४००००. २१ ला तोही ओव्हरफ्लो होतो, आणि ऋण आकड्याला तर उत्तरच नाही. अशा वेळी नल परत करायचा मोह होईल. तसं केलंत तर पुन्हा २५ सेकंदांची शांतता. त्याऐवजी एक्स फाइलमध्ये निकालाचा युनियन (स्टेटसप्रमाणे वेगळा मजकूर धरणारा प्रकार) करा: स्टेटस शून्य असेल तर हायपरमध्ये उत्तर, नाहीतर रिकामं. स्टॅटिक निकालात स्टेटस भरा आणि त्याचा पत्ता परत करा. क्लायंटला उत्तर लगेच मिळेल, की हा आकडा काढता येत नाही.